आधी कान द्या
स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. अशा वेळी लगेच नवा फ्युएल पंप मागवू नका. आधी कान द्या. किल्ली नुसती ‘ऑन’वर फिरवली, की बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून दोन-एक सेकंद गुणगुण ऐकू येते. मागच्या जानेवारीत आमच्या जुन्या गाडीत ती आली नाही. लेक मागे कान लावून म्हणाली, “बाबा, काहीच नाही!” सुट्टी संपत आली होती, आणि हीच गाडी घेऊन तिला एकटीला 300 मैलांवर कॉलेजला परतायचं होतं.

फ्यूज पाहिला, रिले बदलून पाहिला. पंपाच्या प्लगवर 12 व्होल्ट येत होते, अर्थिंगही ठीक होतं. म्हणजे पंपच गेला होता. इंधनाचा दाब उतरवला, बॅटरीची तार काढली, थंडी असूनही गराजचं दार सताड उघडं ठेवलं. पंप तिनेच बसवला, वरचं रबरी सीलही नवं घातलं. मी फक्त टॉर्च धरला.

हा पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तेच त्याला थंड ठेवतं. म्हणून टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. हल्ली ती निघताना मी “पोचलीस की फोन कर” एवढंच म्हणतो. टाकीची आठवण तीच मला करते.