चौदा आठवडे

फायब्रॉइडच्या गाठींमुळे वाढलेल्या गर्भाशयाचं माप डॉक्टर आजही गरोदरपणाच्या आठवड्यांत लिहितात. ओटीपोटावर हात ठेवायचा, गर्भाशय कुठवर लागतंय ते बघायचं आणि गरोदर बाईचं ते कितव्या आठवड्यात एवढं होतं, तो आकडा कागदावर टाकायचा. पद्धत सोपी आहे, जगभर चालते. पण लग्न न झालेल्या मुलीच्या केसपेपरवर असा आकडा पडला तर तो कागद तिने घरी कसा न्यायचा, याचा विचार ही पद्धत काढणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. माझ्या कागदावर ‘यूटरस १४ वीक्स’ असं होतं. आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण चौदा आणि वीक्स एवढं तिला लागतं. नगरहून पाथर्डीच्या एसटीत बसल्यापासून ती गप्प होती. करंजी घाट आला तेव्हा खिडकीबाहेर बघतच हळू आवाजात म्हणाली, “चौदा आठवडे म्हणजे साडेतीन महिने ना गं?”

मी तिला डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे काढून दिलेलं चित्र दाखवलं. तिचा माझ्यावर विश्वास होताच. धास्ती होती ती पुढच्या सीटवरच्या बाईची. घरी गेल्यावर तो कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली गेला.

त्याच्याआधी दोनेक वर्षं माझ्या अंगावरून खूप जात होतं. आमच्याकडे याला आजार म्हणत नाहीत. ‘तुझ्या आजीचंही असंच होतं,’ म्हणतात आणि विषय मिटतो. मी नगरच्या एका पतसंस्थेत कॅशला बसते. संध्याकाळी पाच रुपयांचा फरक निघाला तरी आम्ही घरी जात नाही. पण आपलं किती रक्त जातंय, याचा हिशेब मी एकोणतीस वर्षांची होईपर्यंत कुणी मागितला नव्हता. पाळीच्या दिवसांत गडद रंगाची सलवार, बॅगेत जादा जोड, खुर्चीवर अंथरायला ओढणी, रात्री अंथरुणावर प्लॅस्टिक. एवढी सगळी तयारी लागते म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं वाटायला हवं होतं. पण ही तयारी मला आईनेच शिकवली होती, आणि तिला तिच्या आईने.

मग बर्फ खावासा वाटायला लागला. तारकपूर स्टँडजवळच्या रसवंतीत मी रस प्यायला म्हणून जायची आणि ग्लासातला रस मैत्रिणीला देऊन खालचा बर्फ कडाकडा चावून खायची. बर्फ, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ असलं काही खाण्याची ओढ लागणं हे अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, हे मला नंतर कळलं. रसवंतीवाल्याला वाटायचं, पोरीला उन्हाळा बाधलाय. पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात जाताना मी मधल्या पायरीवर मोबाइल बघायच्या निमित्ताने थांबायची. हिमोग्लोबिन सात पॉइंट चार निघालं. बाईचं बारा हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला आहे. जिना चढताना धाप लागलेली बाई आपल्याला वेगळी वाटत नाही, ती त्यामुळेच.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत एक तक्ता दिला. त्यावर पॅडची चित्रं छापलेली: थोडं डागलेलं, अर्धं भिजलेलं, पूर्ण भिजलेलं. पाळीच्या प्रत्येक दिवशी चित्रासमोर रेघा मारायच्या आणि शेवटी गुण मोजायचे. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं की ते जास्त समजतात, आणि तक्त्यावर शंभर गुण म्हणजे अंदाजे ती पातळी. मी शंभर दुसऱ्याच दिवशी ओलांडले. त्या रेघा मारताना मला पहिल्यांदा राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही.

सोनोग्राफीत गाठी दोन निघाल्या. मोठी गर्भाशयाच्या भिंतीत, सात सेंटिमीटरची. दुसरी जेमतेम दोनची, पण आतल्या पोकळीत डोकावणारी. सगळ्यांना भीती वाटली ती मोठीची. जास्त रक्त मात्र धाकटीपायी जात असणार, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. फायब्रॉइड किती मोठा यापेक्षा तो कुठे बसलाय याला महत्त्व असतं. बाहेरच्या अंगाला वाढलेला मोठा गोळा बाईला वर्षानुवर्षं त्रास देत नाही, आणि पोकळीतला छोटासा तिला अंथरुणाला खिळवतो. हा गर्भाशयाच्याच स्नायूंचा गोळा असतो. बाईच्या संप्रेरकांवर पोसतो, पाळी गेली की बहुधा आक्रसतो. तो कर्करोग असण्याची शक्यता अगदीच थोडी. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांपैकी जवळपास ७० टक्क्यांना आणि कृष्णवर्णीय बायकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींना फायब्रॉइड झालेले असतात. पुष्कळ जणींना त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे मला झालं ते काही जगावेगळं नव्हतं. तरी ‘गाठ’ म्हटल्यावर मामाने फोनवर आधी मुंबईतलं टाटा हॉस्पिटल काढलं, ते काढलंच.

नगरमध्ये त्या महिन्यात मी जिथे जिथे गेले तिथे पहिला प्रश्न एकच: मॅरिड का अनमॅरिड? त्याला कारण आहे, नाही असं नाही. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरूनच करतात, त्यासाठी लघवी तुंबवून बसावं लागतं. पाण्याची बाटली मांडीवर घेऊन, पाय आवळून बाकावर बसलेल्या आम्हा पोरींच्या रांगेकडे बघून कुणालाही कळावं, की कुणाची लग्नं व्हायचीत. पण हा प्रश्न तपासणीपाशी थांबत नाही. एका डॉक्टरांनी सल्लाच दिला, “लग्न करून टाका, एखादं मूल होऊ द्या, मग बघू.” सात पॉइंट चार हा आकडा त्यांच्यासमोर होता. ओळखीच्या एक बाई आईला म्हणाल्या, मुलगा बघताय तर यातलं अक्षर काढू नका. आणखी एक जण म्हणाल्या, पिशवीच काढून टाकली की कटकट संपते. त्यांना मी अजून ‘मुलगी’ आहे याचा क्षणभर विसर पडला असावा, कारण लगेच जीभ चावून म्हणाल्या, “नाही, तुझी नको.”

त्या ‘तुझी नको’त आमच्या अर्ध्या तालुक्याची गोष्ट आहे.

आमचा जिल्हा उसाच्या दृष्टीने दोन तुकड्यांचा. उत्तरेला प्रवरा, गोदावरीचे कालवे आणि कारखाने. विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केलेला प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० पासूनचा. आणि इकडे पाथर्डी, शेवगाव, जामखेड, पलीकडे बीड, जिथून दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊस तोडायला जातात. माझी चुलती त्यातलीच. नवराबायको मिळून एक कोयता, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, आणि एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा, म्हणजे दंड. आधीच्या काळात पाळी आली तरी मोळ्या डोक्यावर आणि दुसरं फडकं कमरेला. फडात ना आडोसा ना पाणी. अंगावरून पांढरं जायला लागलं तेव्हा तिला कुणीतरी सांगितलं, पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल. तिशीच्या आत तिची पिशवी गेली. कोणत्या कारणाने, ते लिहिलेला कागद तिच्याकडे नाही. टाक्यांची खूण आहे, दुखरी कंबर आहे, पस्तिशीलाच सुरू झालेल्या अंगाच्या वाफा आहेत.

बीडची ही गोष्ट २०१९ मध्ये देशभर गाजली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक. त्यानंतर तिथे खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्या राज्यांना अनावश्यक गर्भाशय काढण्याला आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. नियम झाले ते चांगलंच झालं. पण मला त्या आकड्यांत दुसरंच दिसतं. माझ्या पोटातलं गर्भाशय होणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवलेलं, चुलतीचं मुलं झाल्यावर निरुपयोगी ठरलेलं. माझी गाठ लपवायची आणि तिची पिशवी फेकायची, हा व्यवहार एकाच वहीतला आहे. तुझं रक्त किती जातं, तुला कुठे दुखतं, हे विचारायची तसदी ना माझ्या वेळी कुणी घेतली, ना तिच्या.

विचारणारे झाले नाहीत असं नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या साडेसहाशे बायका तपासल्या. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. तोवर जगभरच्या आरोग्य खात्यांच्या लेखी गावातली बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच. आणि त्याहीआधी, १९७० मध्ये, आमच्याच जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे आले. त्यांनी गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. या कामासाठी दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं. पुरस्काराहून मला मोठं वाटतं ते हे, की ज्यांना कुणी घरात घेत नव्हतं त्या बायका घराघरांत बसून दुसऱ्या बायकांना आजार विचारत होत्या. जामखेड आमच्यापासून काही फार लांब नाही. तरी ती सवय सगळ्या जिल्ह्याला का लागली नाही, याचं कोडं मला सुटलेलं नाही.

डॉक्टरबाईंनी मला एका जुन्या शल्यविशारदाचं नाव सांगितलं, व्हिक्टर बॉनी. हा लंडनचा. त्याच्या बायकोचं गर्भाशय फायब्रॉइडपायी काढावं लागलं आणि त्यांना मूल झालं नाही. पुढे या माणसाने गर्भाशय ठेवून नुसत्या गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेत आपली हयात घातली. रक्तस्राव आवरायला त्याने बनवलेला चिमटा त्याच्याच नावाने ओळखतात. एकदा तर एकाच गर्भाशयातून त्याने २२५ गाठी काढल्या. मला त्या आकड्याने फार धीर आला. माझ्या दोनच होत्या.

लगेच ऑपरेशन करता येत नव्हतं, आधी रक्त वाढवायला हवं होतं. लोहाची सलाइन कोऱ्या चहाच्या रंगाची असते. ती थेंबथेंब हातात जाताना मी पतसंस्थेचे फोन घ्यायची. रक्तस्राव थांबवायला ज्या गोळ्या दिल्या त्या बघून आई हसली. गौरी आल्या, मोहटादेवीची यात्रा आली की घरातल्या बायका पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून ज्या नेतात, त्यातल्याच त्या. देवीपुढे जाता यावं म्हणून ज्या गोळ्या बिनबोभाट घरात येतात, त्याच पोरीचं रक्त वाचवायला आल्या तेव्हा मात्र आईला चारदा विचारावं लागलं, यानं पुढे काही होणार नाही ना?

हिमोग्लोबिन अकराच्या घरात आल्यावर पुण्यात ऑपरेशन झालं. दोन्ही गाठी निघाल्या, गर्भाशय राहिलं. डॉक्टरांनी गोड बोलून काही लपवलं नाही. गाठी पुन्हा होऊ शकतात. पुढे मूल झालं तर भिंतीवरच्या टाक्यांमुळे बहुधा सिझेरियन करावं लागेल. मूल होईलच याची खात्री कुणालाच देता येत नाही, गाठी नसलेल्या बाईलाही नाही. नंतर आलेल्या एका स्थळाला मी हे सगळं सांगितलं. त्यांचा फोन परत आला नाही. आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी कपाटातला तो केसपेपर काढून माझ्या फाइलला लावून ठेवला. घरात हे प्रकरण मिटलंय असं मी म्हणणार नाही.

चुलती मला बघायला आली ती तोडीला निघायच्या आठवड्यात. पोटावरच्या तीन छोट्या खुणा तिने निरखून पाहिल्या. तिची खूण बेंबीखाली वीतभर.

“पिशवी ठिवली? आन् गाठ तेवढी काढली?”

“हो.”

“आसंबी व्हतं?”

मी होतं म्हणाले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सुनेचं सांगायला लागली. बावीस वर्षांची, एक लेकरू, पाळीत आठ आठ दिवस अंगावरून जातं, चक्कर येते. मुकादमाने एका दवाखान्याचं नाव सांगितलंय, मजुरीची पट्टी पडल्यावर पैसे कापून घेऊ म्हणतोय. मी पॅडच्या चित्रांचा तक्ता काढून तिला दाखवला. तिला वाचता येत नाही, पण चित्रं लगेच कळली. तिने मधल्या चित्रावर बोट ठेवलं, मग शेवटच्या. डॉक्टरबाईंना फोन लावला तर सोनोग्राफीचा नंबर सोमवारचा मिळाला. टोळीची गाडी शनिवारी भरणार होती. चुलतीने माझ्याच मोबाइलवरून मुकादमाला गाठलं. सून आणि पोरगा मंगळवारी येतील म्हणून सांगितलं. पलीकडून तो मोठ्याने बोलत होता, मलाही ऐकू येत होतं. तीन दिवसांचा खाडा लागेल म्हणत होता.

“कापा,” चुलती म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.