उन्हाळ्याची रात्र, दोन झाडं आणि एक चादर

मे महिन्यात अकोल्यात रात्री दहा वाजता घराच्या भिंतीला हात लावला, तरी ती गरम लागते. दुपारी पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत झोप लागू देत नाही. अशा दिवसांत मी अकोटच्या उत्तरेला, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याकडे असलेल्या मामांच्या वावरात निजायला जातो. पिशवीत जाळी शिवलेली नायलॉनची हॅमॉक म्हणजे झोळी, झाडाला गुंडाळायचे दोन रुंद पट्टे, एक सुती चादर, दुपट्टा, टॉर्च आणि पातळ ताडपत्री. सगळं मिळून दोनेक किलो. बरोबरचं तीन लिटर पाणी त्याहून जड. स्लीपिंग बॅग नसते, कारण इथल्या मे महिन्यात तिची गरजच पडत नाही.

थंड मुलखातले लोक हॅमॉकबद्दल एक तक्रार नेहमी करतात: पाठ गारठते. खाली जमीन नसते, त्यामुळे अंगाची ऊब पाठीखालून वाहणारी हवा घेऊन जाते. स्लीपिंग बॅग घातली तरी तिचा भराव अंगाखाली दबतो आणि दबलेला भराव ऊब धरत नाही. वऱ्हाडात उन्हाळ्यात नेमकं हेच हवं असतं. गादीवर पाठ घामानं चिकटते, झोळीत तीच पाठ कोरडी राहते. मी झोळीत सरळ न निजता थोडा तिरपा निजतो. त्यानं पाठीला बाक येत नाही आणि अंगाखालचं कापड पसरून हवा सगळीकडे लागते.

निजण्याआधी दुपट्टा भिजवून, पिळून छातीवर टाकतो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ज्या कारणानं घर गार करतात, त्याच कारणानं हा दुपट्टा अंग गार करतो. हवा कोरडी आहे तोवर पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मृगाचा पाऊस पडून हवेत दमटपणा आला, की ही युक्ती संपते.

पहिल्यांदा झोळी बांधली तेव्हा मामा धुऱ्यावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "भाच्या, आता गरम होते तुले. पायटी डोंगराकून हवा सुटते, तवा समजन."

मामांनी आयुष्यभर या वावरात जागल केली आहे. हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरांपासून पीक राखायला ते माळ्यावर निजत आले. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. रात्री सातपुड्याचा उतार गार होतो आणि ती जड, गार हवा नाल्यानाल्यानं खाली सरकत वावरात येते. तीनच्या सुमाराला अंगावर शहारा येतो. त्या वेळी चादर अंगावर न ओढता पाठीखाली घ्यायची, कारण थंडी खालून येते. चादरीचा आणखी एक उपयोग आहे. ताणलेल्या पातळ नायलॉनमधून डास आरपार चावतात. मध्ये सुती कापड आलं की त्यांची सोंड सहसा पोचत नाही.

झाडं निवडताना मी घाई करत नाही. संत्र्याच्या बगीच्यात हॅमॉक बांधता येत नाही. झाडं बुटकी असतात. आंबा, चिंच, मोहाचं जुनं खोड चांगलं, पण आधी वर बघायचं. वाळलेली फांदी डोक्यावर असेल तर ते झाड सोडायचं. खोडावर मुंगळ्यांची रांग असेल तरीही सोडायचं. मोह गळत असताना त्या झाडाजवळ निजायचंच नाही, फुलं खायला अस्वलं येतात. नाल्याच्या अगदी काठावरही नाही. उन्हाळ्यात उरलेलं पाणी जनावरांचं असतं.

पट्टा ताठ बांधायचा मोह होतो, तो आवरायचा. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करतो तेव्हा प्रत्येक बाजूला साधारण निजणाऱ्याच्या वजनाइतका ताण येतो. कोन १० अंशांवर आला की तोच ताण जवळपास तिप्पट होतो. दोर नको, रुंद पट्टाच हवा. दोर सालीत रुततो आणि झाडाला जखम होते.

जमिनीपासून वर निजण्याचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं ते मण्यारीमुळे. हा साप रात्री फिरतो. त्याचे दात बारीक, दंश अनेकदा कळतही नाही, आणि खाली निजलेली माणसं झोपेतच चावली जातात. म्हणून मामा आजही बाजेवर निजतात, आणि खाली अंथरूण टाकणाऱ्या गड्याला ओरडतात, "खाली निजू नोको!" चारी बाजूंनी बंद जाळीची झोळी याच शहाणपणातली आहे. पहाटे उतरताना मी आधी टॉर्च लावतो, चपला झटकतो, मगच पाय टेकतो.

हीच पिशवी घेऊन चिखलदऱ्याला गेलो की एक वस्तू वाढते. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर, चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास. एवढ्या चढावर तापमान पाच-सहा अंशांनी उतरतं. तिथं परिचितांच्या अंगणात निजताना मी पाठीखाली आजीच्या हातची वाकळ घेतो. मेळघाटच्या जंगलात मात्र आपल्या मनानं झोळी बांधायची नाही. १९७४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे आणि तिथली रात्र वाघ-अस्वलांची आहे. जंगलातली रात्र अनुभवायची असेल त्यानं बुद्धपौर्णिमेला वनविभागाच्या परवानगीनं पाणवठ्यावरच्या मचाणावर बसावं.

अवकाळीचे ढग दिसले, गडगडाट ऐकू आला, की झोळी सोडून पक्क्या घरात यायचं. झाडावर वीज पडते. ताडपत्री पावसासाठी आहे, विजेसाठी नाही.

माझ्या पिशवीतून जी-जी वस्तू कमी झाली, ती या मुलखाची एकेक गोष्ट कळल्यावर कमी झाली: वारा कधी सुटतो, थंडी कुठून लागते, कोणतं झाड पेलतं. ही माहिती कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती ज्यांच्याकडे आहे ती जागल केलेली माणसं आता थकली आहेत, आणि मळ्यावरच्या बाजा माड्यांच्या खोल्यांत गेल्या आहेत. तुम्हाला यंदा बाहेर निजायचं असेल, तर सामान घेण्याआधी एक संध्याकाळ अशा माणसाजवळ बसा आणि त्याच्या वावरातली रात्र त्याच्याकडून ऐकून घ्या.