डफच्या नावाचा बेस

बेस गिटार शिकायला लागून फार दिवस झाले नव्हते, तोच एक निवाडा माझ्याकडे आला. वसईतला एक तरुण त्याचा ‘फेंडर डफ मॅकेगन डिलक्स प्रिसिजन’ विकायला काढत होता. तो घ्यायचा की नाही? घरच्यांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पांढराशुभ्र आहे, आवडत्या माणसाच्या नावाचा आहे, नव्यापेक्षा स्वस्त मिळतोय. मी मात्र त्याची माहिती वाचताना ओळीओळीला अडत होते. टीबीएक्स टोन म्हणजे काय, हॉट स्टॅक कशाला म्हणतात, हिपशॉट ड्रॉप-डी कुठे बसतो? आणि यातलं मला काय हवंय, हे मला कोण सांगणार?

डफ का, ते आधी सांगते. १७ मे २०२५ ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस हा रॉक बँड वाजवायला आला. लेकाबरोबर मी गेले होते. आजूबाजूची माणसं गिटार वाजवणाऱ्या स्लॅशच्या बोटांकडे बघत होती. मला मात्र गाणं जमिनीतून वर येतंय असं वाटत होतं, आणि ते जिथून येत होतं तो उंच, सडपातळ माणूस, बँडचा बेसवादक डफ मॅकेगन, फारसा हलतही नव्हता. गिटार वरच्या वर उडत होती, ड्रम्स धडधडत होते आणि या दोघांना एकमेकांशी बांधून ठेवायचं काम तो एकटा करत होता. मला तेच काम शिकायचं होतं.

घरी येऊन वाचत बसले. डफ सिएटलचा. तिथल्या पंक बँडांमध्ये तो ड्रम्सही वाजवायचा, गिटारही. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि तिथे बेस धरला. गन्स अँड रोझेसला गेफन या रेकॉर्ड कंपनीकडून उचल मिळाली, तेव्हा त्या पैशांतून त्याने एक पांढरा फेंडर ‘जॅझ बेस स्पेशल’ घेतला. तो जपानमध्ये बनलेला, त्या काळचा चालू मालच होता. संग्राहकांनी काचेआड ठेवावा असं त्यात काही नव्हतं. १९८७ चा ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हा अल्बम त्याच बेसवर वाजला. त्या बेसची रचना मात्र वेगळी होती. अंग प्रिसिजन बेसचं आणि मान जॅझ बेसची. प्रिसिजन हा लिओ फेंडरचा १९५१ चा बेस, जाड, ठाम आवाजाचा. जॅझ १९६० चा. त्याची मान नटपाशी (डोक्याजवळ) दीड इंचाची, म्हणजे प्रिसिजनच्या नेहमीच्या मानेपेक्षा निमुळती. पिकअपही दोन जातींचे, मधे प्रिसिजनचा दुभागलेला, ब्रिजजवळ जॅझचा सरळ. वसईतला बेस त्याच घडणीवर डफच्या नावाने काढलेला, आणि तोही अमेरिकेत नाही, मेक्सिकोत बनलेला.

स्वस्त हा शब्द इथे जपून वापरायला हवा. नवा घ्यायचा तर अमेरिकेतच हजार डॉलरच्या वर जातो. अमेरिकेत बनलेल्या फेंडरच्या मानाने कमी, फेंडरच्याच स्वस्त ‘स्क्वायर’ नावाच्या साध्या बेसच्या मानाने कितीतरी जास्त. त्यातले काही पैसे निव्वळ नावाचे असतात. मानेमागच्या धातूच्या पट्टीवर कोरीव काम आहे, बोटपट्टीवर चौकोनी खुणा जडवल्या आहेत. दिसतात छान, पण स्वराशी त्यांचा काही संबंध नाही. हे वजा केलं की जे उरतं, त्याची किंमत मला ठरवायची होती.

माझे गुरू मालाडच्या ओर्लेमचे. सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही. गोव्याचं घराणं, उभा जन्म लग्नांच्या बँडमध्ये बेस वाजवण्यात गेला. मी त्यांना सोबत नेलं. ट्रेनमध्येच त्यांनी बजावलं, “बघायचं तू. मी मधे बोलणार नाही. आणि आल्या आल्या ॲम्पला लावू नकोस. लाकूड काय म्हणतं ते आधी ऐक.”

वसईच्या त्या मुलाने बेस हातात दिला. पट्टा खांद्यावर घेतला आणि दोन्ही हात सोडून उभी राहिले. काही बेस अशा वेळी मानेकडून खाली झुकतात. मग वाजवताना डावा हात मान सावरण्यातच गुंततो. हा जागेवर राहिला. वजन खांद्याला जाणवत होतं, पण तासभर पेलेल असं. मग मानेवरून हात फिरवला. फ्रेटची टोकं बोचतात का ते तळव्याला कळतं. आपल्या मुंबईच्या हवेत लाकूड पावसाळ्यात फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं, आणि आकसलं की ती टोकं बाहेर येतात. इथे एक-दोन जागी किंचित खरखर होती, बाकी गुळगुळीत.

त्यानंतरची तपासणी मला खरी महत्त्वाची वाटते, आणि तिला ना ॲम्प लागतो ना ज्ञान. सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबायची, त्याच वेळी शेवटच्यावरही दाबायची, आणि मधे, सातव्या-आठव्याच्या आसपास, तार आणि फ्रेट यांत किती फट दिसते ते बघायचं. व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी असली तर मान ठीक. खूप जास्त म्हणजे मान पुढे वाकली, अजिबात नाही म्हणजे मागे गेली. मग डोक्याकडून एका डोळ्याने मानेच्या दोन्ही कडा बघायच्या. दोन्ही एका रेषेत असाव्यात. मान वाकलेली असेल तर आतला ट्रस रॉड फिरवून सरळ करता येते. पिळलेली असेल तर तो बेस दिला तिथेच ठेवावा. ही मान सरळ होती, फट बेताची.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, विना ॲम्प. कुठे भणभण नाही, कुठला स्वर मेलेला नाही. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक घेतला, मग तोच स्वर दाबून वाजवला. दोन्ही जुळले. अंकल खिडकीतून बाहेर बघत होते, पण कान इकडेच होते, ते मला कळत होतं.

यानंतर मी एक गोष्ट केली, ती मला फार अभ्यासाने सुचली नव्हती, गरजेने सुचली होती. रेकॉर्डबरोबर सराव करताना माझा प्रत्येक स्वर जरा वर लागायचा आणि मी चक्रावून जायचे. अंकलनीच सांगितलं होतं की ‘ॲपेटाइट’वरची बहुतेक गाणी अर्धा स्वर खाली लावून वाजवलेली आहेत. म्हणजे मी हा बेस घरी नेल्यावर तसाच खाली लावणार होते. मग इथे वरच्या स्वरात तपासून काय उपयोग? चारही तारा अर्धा स्वर उतरवल्या, थोडा वेळ थांबले आणि पुन्हा वाजवलं. पहिल्या तीन-चार फ्रेटवर जाड तार कडकड करायला लागली. मुलाचा चेहरा पडला. “ताई, आजपर्यंत असं कधी झालं नाही,” तो म्हणाला, आणि ते खरंच असणार.

आता अंकल बोलले. तारा ढिल्या झाल्या की मानेवरचा ताण कमी होतो, ती मागे जाते, पहिल्या फ्रेटवरची फट संपते. ट्रस रॉड जरासा सैल केला की मान पुन्हा पुढे येते. म्हणजे हा दोष नव्हता, मांडणी होती. तो बेस कुणा दुसऱ्यासाठी लावलेला होता, एवढंच. वाद्यात जे बिघडलेलं असतं आणि जे फक्त आपल्यासाठी लावलेलं नसतं, यांतला फरक मला त्या खोलीत कळला. तो कळला नसता तर मी चांगला बेस नाकारून परत आले असते.

मग ॲम्प. आमच्या जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसतं, त्यामुळे सिंगल कॉइल पिकअपची घरघर मला पाठ आहे. इथे मात्र शांतता. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे उलट गुंडाळलेले असतात, एकातली घरघर दुसरा मारतो. ब्रिजजवळचा सीमोर डंकनचा पिकअप जॅझसारखा दिसत असला तरी आत दोन कॉइल एकावर एक आहेत. हॉट स्टॅक म्हणतात तो हाच. म्हणजे तीन स्थानांच्या खटक्यावर कुठलाही पिकअप एकटा ठेवला तरी आवाज स्वच्छ. छापील माहितीतला मला सर्वांत अगम्य वाटलेला शब्द माझ्या घरासाठी सर्वांत कामाचा निघाला.

मधला पिकअप एकटा वाजवला की स्वर भरदार, गोल. ब्रिजचा एकटा लावला की बारीक, कर्कशाकडे झुकलेला. दोन्ही एकत्र लावून, पिक घेऊन ब्रिजजवळ मारलं, आणि तिथे ‘इट्स सो इझी’ हे गाणं सुरू होतं तशी धार आली. मी बोटांनी वाजवायला शिकले आहे. डफ पिकने वाजवतो. हा बेस पिकने जास्त खुलतो, हे मान्य करायला हवं. ज्याला बोटांनी मऊ, खोल स्वर हवा त्याने ब्रिजच्या पिकअपसाठी जास्त पैसे मोजू नयेत, साधा प्रिसिजन त्याला पुरेल. टीबीएक्सची खुंटी मधे एका खाचेत थांबते. खाली फिरवली तर नेहमीसारखी धार कमी होते, वर फिरवली तर आणखी उजळ होते. मला वरच्या अर्ध्या भागाची गरज वाटली नाही, एकदाही.

हिपशॉट ड्रॉप-डीची कळ डोक्यावरच्या जाड तारेच्या खुंटीला लावलेली. कळ फिरवली की ई सरळ डीवर उतरते, परत फिरवली की ई. गाणं चालू असतानाही करता येतं. माझ्यासारखीला तिचा उपयोग आज तरी नाही. पण परत येताना तार नेमकी त्याच स्वरावर येते का, हे बघायलाच हवं, कारण कळ जिथे थांबते तो स्क्रू झिजला किंवा ढिला झाला तर सुधारणा होण्याऐवजी रोजची कटकट होते. मी कळ पुन्हा पुन्हा वर-खाली केली. स्वर हलला नाही.

आणि ती दीड इंचाची मान. माझी करंगळी सरावाच्या बेसवर चौथ्या फ्रेटपर्यंत ओढून न्यावी लागायची. इथे ती आपण होऊन पोचली. डफने जॅझची मान का पसंत केली असेल ते मला ठाऊक नाही, पण त्याच्या आवडीचा फायदा माझ्या लहान हाताला मिळाला. दुसऱ्याच्या नावाचं वाद्य घेताना असंच बघावं, असं मला मनापासून वाटतं. त्याने एकेक वस्तू स्वतःसाठी निवडलेली असते. त्यातल्या किती माझ्या कामाच्या आहेत? मान, दोन्ही पिकअप, ती शांतता, या माझ्या. कोरीव पट्टी, टीबीएक्सची वरची बाजू, ड्रॉप-डी, या त्याच्या.

त्या मुलाला मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, फ्रेटच्या टोकांसकट. त्याने टोकं घासून घ्यायच्या खर्चाइतके पैसे कमी केले. ट्रस रॉडचे मी कमी करू दिले नाहीत. तो दोष नव्हता. बेस घेतला. अंकलनी मान अर्ध्या स्वराच्या लावणीला जुळवून दिली आणि आठवड्याने पुन्हा बघायला सांगितलं, लाकूड बसायला वेळ लागतो म्हणून. सध्या ‘ॲपेटाइट’वरच्या ‘रॉकेट क्वीन’ची सुरुवात घोकते आहे, ड्रम्सशिवाय, मेट्रोनोमवर, मूळ वेगाच्या निम्म्यावर.