ईयोबाची थोरली लेक

30 ऑक्टोबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा काढल्या, भारताने 339 चं लक्ष्य गाठलं आणि हे नाव घरोघरी पोचलं. नाशिकशी मात्र त्याचं नातं दीडशे वर्षांहून जुनं आहे.

सातपूरहून त्र्यंबक रोडने शहराकडे निघालं की पुढे जवळच शरणपूर. 1854 च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ही वसाहत. गुलामांची ने-आण करणारी अरबी गलबतं इंग्रजी आरमार पकडी, त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरत आणि त्यांतली काही इथे वाढत. आफ्रिकेचा प्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या शवपेटीसोबत 1874 मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट इथलाच. शरणपूरचाच विल्यम जोन्स 1864 मध्ये मोंबासाजवळच्या रबईला धर्मकार्यासाठी गेला. त्याच्याबरोबर गेलेल्या बायकोचं नाव जेमिमा. इतिहासात ती एखाद्या ओळीपुरती येते, याची खंत वाटते.

मराठी बायबलात हे नाव ‘यमीमा’ असं आहे आणि त्याचा रूढ अर्थ पारवा. ते येतं ईयोबाच्या पुस्तकात. ईयोबाची गुरंढोरं गेली, दहा लेकरं एकाच दिवशी गेली, अंगभर फोड आले. पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात त्याचं घर पुन्हा भरतं: सात मुलगे, तीन मुली. इथे एक विलक्षण गोष्ट घडते. ईयोबाच्या बायकोचं नाव पुस्तकात कुठेच नाही, सातही मुलग्यांची नावंही नाहीत. नावं आहेत ती फक्त मुलींची. यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. धाकटीच्या नावाचा अर्थ तर चक्क काजळाची शिंगी डबी! ज्यांचं सारं लुटलं गेलं अशा लेकरांच्या वस्तीत, सारं गमावून पुन्हा उभ्या राहिलेल्या घराच्या लेकीचं नाव यावं, हे मनाला फार भिडतं.

त्याहून मोठी गोष्ट पुढच्या ओळीत आहे. मोशेच्या नियमशास्त्रात मुलगा नसेल तरच मुलीला वारसा मिळे. ईयोबाने मात्र मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. महाराष्ट्राने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला तो 1994 मध्ये, आणि आजही कित्येक घरांत सातबाऱ्याचा विषय निघाला की बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवलं जातं, माहेर तुटेल या धाकाने ती सही करते. यमीमाला सात भाऊ होते. तिला वाटा मागावा लागला, असं कुठेही लिहिलेलं नाही.