हे खरे आहे काय?

चळवळीतला माणूस आमदार झाला की चळवळ आपला माणूस गमावते, असं माझं वर्षानुवर्षं पक्कं मत होतं. मोर्चात घसा फोडणारे सभागृहात गेले आणि बदल्यांच्या शिफारशी नि उद्घाटनांच्या फिती यांतच गुरफटले, हे पाहिलेलं. मृणाल गोरेंबद्दलही मी तसंच बोलायचो. गोरेगावात पाण्यासाठी भांडणारी, १९७२च्या महागाईत अहिल्याताई रांगणेकरांबरोबर बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवणारी ‘पाणीवाली बाई’, तीच खरी. आमदारकी, खासदारकी ही नुसती पुरवणी.

हे मत हललं ते विधिमंडळाच्या जुन्या कामकाजाचे खंड चाळताना. तारांकित प्रश्नाचा साचा तसा रुक्षच: ‘अमुक घडले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ समोर मंत्र्यांचं उत्तर: ‘हे अंशतः खरे आहे.’ पुष्कळ वेळा तर नुसतंच ‘प्रश्न उद्भवत नाही.’ पूर्वी मी यावर हसलो असतो. पण मोर्चाला सामोरा आलेला मंत्री ‘बघतो, करतो’ म्हणून गाडीत बसतो आणि विषय तिथंच विरतो. तेच सभागृहात बोलला तर लेखी राहतं, आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते, जाणूनबुजून खोटं सांगितलं तर हक्कभंगही येऊ शकतो. ‘अंशतः खरे’ एवढ्यावरही पुढचा मोर्चा काढता येतो.

मृणालताईंना हे पुरतं कळलं होतं. १९८५ला त्या पुन्हा विधानसभेत आल्या, काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईतल्या स्त्री संघटना तेव्हा बाहेर रान उठवत होत्या. मृणालताईंनी तो विषय सभागृहात लावून धरला. १९८८मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला, देशात पहिला. केंद्राला तसा कायदा करायला १९९४ उजाडलं. नुसत्या मोर्चांनी हे झालं असतं, असं आता मला म्हणवत नाही.

तरी पूर्ण पालटलोय असंही नाही. राज्यात सहा वर्षांखालच्या मुलींचं दर हजार मुलग्यांमागचं प्रमाण २००१च्या जनगणनेत ९१३ होतं, २०११मध्ये ८९४. कायदा पुस्तकात होता आणि सोनोग्राफीची यंत्रं गावोगाव पोचत होती. सभागृहातल्या माणसामागे बाहेर कुणी उभं नसेल तर काय होतं, ते या आकड्यांत मला दिसतं. माझ्या जुन्या मताचा तेवढा तुकडा मी अजून सोडलेला नाही.

आता ओळखीतला एखादा कार्यकर्ता ‘उभा राहतोय’ म्हणाला तर मी अडवत नाही. विधानसभेची नियमावली वाचलीस का, एवढंच विचारतो. बहुतेकांनी वाचलेली नसते.