हॅरिस ढाल आणि एक पूर्वपरीक्षा

शाळामास्तराने खेळावर लिहावे हे आमच्या काही वाचकांस रुचणार नाही. आणि तो मास्तर संस्कृताचा असेल, तर मुळीच नाही. आम्ही स्वतः हातात बॅट कधी धरली नाही. तथापि गिरगावातील एका शाळेत उभा जन्म काढलेल्या माणसास हॅरिस ढालीचे नाव वगळून आपल्या नोकरीची हकीकत सांगता येत नाही. त्या ढालीपाशी आमचे एक देणे राहून गेले आहे. ते आज वाचकांसमक्ष मांडावे, असे मनात आहे.

लॉर्ड हॅरिस हे १८९० पासून १८९५ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कप्तानपदही त्यांनी पूर्वी भूषविलेले. शाळाशाळांच्या सामन्यांसाठी जी ढाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठेवण्यात आली, तिला त्यांचेच नाव मिळाले. मौज अशी की, त्या काळी एस्प्लनेडच्या मैदानावर गोऱ्या अंमलदारांची पोलोची घोडी धावत आणि एतद्देशीय खेळाडूंनी खपून तयार केलेली जमीन उखडून टाकीत. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी या तंट्याची हकीकत सांगणारे पुस्तकच १८९७ साली प्रसिद्ध केले. परंतु हॅरिससाहेबांच्या कारकिर्दीत झुकते माप पोलोसच मिळाले. मैदानासाठी ज्यांच्या दारी दाद लागली नाही, त्यांच्याच नावाची ढाल त्या मैदानावरील मुलांनी शंभराहून अधिक वर्षे मिरवावी, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

हॅरिस ढाल सोळा वर्षांखालील मुलांची, गाईल्स ढाल चौदा वर्षांखालील मुलांची. या दोन नावांभोवती मुंबईच्या कित्येक पिढ्यांचे बालपण फिरले आहे. लालबाग-परळच्या चाळींतील मुलगा, दादरच्या मध्यमवर्गीय घरातला मुलगा आणि धोबी तलावाच्या इंग्रजी शाळेतला मुलगा हे एरवी ज्या शहरात एकमेकांस भेटावयाचे नाहीत, ते आझाद मैदानावर समोरासमोर उभे राहत. मैदान एक आणि सामने अनेक. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला पाठ लावून उभा, अशी तेथील दाटी. ती दाटी पाहिल्यावाचून या शहराचे क्रिकेट समजत नाही.

फेब्रुवारी १९८८ मधील उपांत्य सामना तर सर्वश्रुत आहे. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचे दोन विद्यार्थी, चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी, यांनी सेंट झेवियर्स हायस्कुलाविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागी केली. कांबळी ३४९, तेंडुलकर ३२६, दोघेही नाबाद. संघाची धावसंख्या दोन गड्यांच्या मोबदल्यात ७४८. पुढे २०१३ साली पृथ्वी शॉ या मुलाने याच स्पर्धेत एकट्याने ५४६ धावा केल्या. हे आकडे घरोघरी पाठ आहेत.

परंतु आमचे मन त्या आकड्यांपाशी फार वेळ रमत नाही. ते जाते तंबूत बसलेल्या तिसऱ्या मुलाकडे. अमोल मुझुमदार हा त्या डावात यानंतर फलंदाजीस जावयाचा होता. पायांस पॅड बांधून तो बसला तो बसलाच. गडी पडला नाही आणि त्याची पाळी आली नाही. पुढे त्याने मुंबईकडून रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यांत अकरा हजारांवर धावा जमविल्या; तरी भारताच्या संघाचे दार त्यास उघडले नाही. अखेर २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे मुख्य प्रशिक्षक म्हणून तो मैदानावर उभा होता. त्या रात्री अनेकांस ते बांधलेले पॅड आठवले. आम्हांस मात्र आमचा एक विद्यार्थी आठवला.

गोष्ट १९९१ सालची. लालबागच्या चाळीतला मुलगा. १९८२ च्या संपानंतर वडिलांची गिरणीतली नोकरी गेलेली, आई शिवणकाम करी. मुलगा बुद्धीने तल्लख आणि बोटांत विलक्षण फिरकी असलेला गोलंदाज. तो दहावीत होता. हॅरिस ढालीचा सामना आणि पूर्वपरीक्षेतील आमचा संस्कृतचा पेपर एकाच दिवशी आले. संघाचा कप्तान आमच्याकडे आला. म्हणाला, ‘‘सर, त्याचा एकट्याचा पेपर दोन दिवसांनी घ्या ना.’’ मुख्याध्यापकांनी निर्णय आमच्यावर सोपविला. आम्ही मोठ्या तोऱ्याने उत्तरलो, ‘‘ढाल येते नि जाते, विद्या राहते.’’

मुलाने एक शब्द काढला नाही. त्याने पेपर लिहिला, शंभरांपैकी एक्याण्णव गुण मिळविले, आणि आम्ही ती उत्तरपत्रिका वर्गात अभिमानाने वाचून दाखविली. तिकडे शाळा हरली. तो खेळता तर जिंकली असती, असे कोणी म्हणाले नाही. आम्हीही म्हणत नाही. पुढल्या वर्षी त्याचे वय उलटले होते.

त्या विश्वविजयानंतर थोड्याच दिवसांनी तो आमच्या घरी आला. पन्नाशीचा गृहस्थ, बँकेत अधिकारी, सोबत नववीतली मुलगी. ती शाळेच्या मुलींच्या संघात निवडली गेलेली, आणि तिचा सामना नेमका चाचणी परीक्षेच्या दिवशी. चहा झाल्यावर त्याने हळूच विचारले, ‘‘सर, राग नसावा. पण तेव्हा माझा पेपर पुढे ढकलता आला असता का?’’

संस्कृतात ‘लृङ्’ म्हणून एक लकार आहे. झाले असते, पण झाले नाही, अशा क्रियेसाठी वैयाकरणांनी तो राखून ठेवला आहे. शालेय अभ्यासक्रमात तो नसतो. तरी हुशार मुलांस आम्ही तो हौसेने शिकवीत असू, आणि त्या मुलासही शिकविला होता. त्याचे उदाहरण इतक्या वर्षांनी तोच आमच्यापुढे ठेवील, असे वाटले नव्हते.

‘‘आला असता,’’ आम्ही म्हणालो. ‘‘सहज आला असता.’’

तो काही बोलला नाही. मुलगी मात्र दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. तिला आम्ही सांगितले, ‘‘तू सामन्यास जा. तुझ्या बाईंना चिठ्ठी आम्ही लिहून देतो.’’ आणि तेथेच बसून दिली.

आमच्या वाचकांत आजोबा आहेत, वडील आहेत, कोणी आमच्याच पेशाचे आहेत. विद्येचे महत्त्व त्यांस आम्ही सांगावयास नको. इतकेच सांगतो की, पेपर दोन दिवसांनी घेता येतो, सोळावे वर्ष मात्र दोन दिवसांनी परत येत नाही. सामन्यास गेलेल्या प्रत्येकाची पाळी येईलच असे नाही, हेही खरे. परंतु पॅड बांधून बसलेला तो मुलगा निदान मैदानावर तरी होता. आमचा मुलगा त्या दिवशी वर्गात होता, आणि त्यास तेथे बसविणारे आम्ही होतो.