दोन कढ

मालवणात कुठल्याही खानावळीत बसा. पाण्याचा पेला टेबलावर टेकायच्या आधी पोरगा विचारतो, "फ्राय काय देऊ?" मग सुरमई की पापलेट, रवा लावून की नुसता तवा, अशी बोलणी होतात. कालवण मागावं लागत नाही. ते वाटीतून आपोआप येतं, आणि बहुतेक वेळा त्यात मासा नसतोच. मासा खाल्ल्याचं समाधान तव्यावरच्या तुकडीचं. पाण्यात शिजलेला मासा म्हणजे घरचा, रोजचा, पाहुण्यापुढे न ठेवायचा.

आमच्या आत्याकडे मात्र उलट होतं. तळलेली तुकडी लहान पोरांना, नाहीतर ज्यांना माशातलं काही कळत नाही अशा मोठ्यांना. तिला स्वतःला हवं असे ते बांगड्याचं तिखलं. सकाळी रापणीवरून आलेला बांगडा, त्याला गरम तेल न दाखवता केलेलं. फोडणी नाही, कांदा नाही. सुक्या मिरच्या आणि हळद पाट्यावर वाटायची, ते वाटण पाण्यात कालवायचं, मीठ, चार सोलं आणि ठेचलेली तिरफळं टाकायची आणि तवली चुलीवर ठेवायची. आधण आलं की मासे सोडायचे. अगदी शेवटी वरून चमचाभर कच्चं खोबरेल. झालं. एवढ्याशा कृतीत चुकायला काय आहे, असं कोणालाही वाटेल. मला वाटलं होतं.

मी एकदा डाव हातात घेतला तेव्हा ती चुलीपासून ओरडली होती, "चमचो घालू नको रे, मोडतलो तो!" तिखलं ढवळायचं नसतं. तवलीचे दोन्ही कान फडक्यात धरून ती सबंध तवलीच गोल फिरवायची, सुपात तांदूळ फिरवतात तशी. रस्सा फिरतो, मासा जागेवर राहतो. पाठारे प्रभू आणि सीकेपी घरांत बोंबलाचं खडखडलं करतात, तिथेही हाच शिरस्ता. बोंबलात मुळातच इतकं पाणी असतं की वरून घालायचीही गरज नाही. लसूण, तिखट, हळद, हिंग लावला की तो स्वतःच्याच पाण्यात शिजतो. त्या पदार्थाच्या नावात मला तो टोप चुलीवर हलवल्याचा आवाज ऐकू येतो.

आत्याच्या घरात घड्याळ होतं, पण ते ओटीवर, बसच्या वेळेसाठी. स्वयंपाकघरात वेळ मोजायचं माप म्हणजे कढ. पाणी तळातून उठून वर येतं, कडेला फेस जमतो, एकदा सगळं उसळतं, तो एक कढ. बांगड्याला दोन पुरतात. पेडव्यांना एकच. "दोन कढ इले काय उतरव," एवढीच तिची पाककृती. पण दुसऱ्या कढाच्या आधी ती एक गोष्ट करायची, आणि ती तिने कधी सांगितली नाही, मीच बघितली. ती चुलीतलं लाकूड मागे ओढायची. जाळ बाहेर, आत फक्त निखारे. खदखदणारं पाणी एकदम शांत व्हायचं, मधूनच एखादा बुडबुडा. मासा शिजायचा तो त्या शांततेत. उसळत्या पाण्यात त्याची फक्त सुरुवात व्हायची.

आपल्या भाषेत पाण्याच्या तापण्याला किती शब्द आहेत. उकळणं, कढणं, खदखदणं, रटरटणं. डाळ रटरटते, चहा उकळतो, वरण खदखदतं. पण लाकूड मागे ओढल्यावर तवलीत जे चालतं त्याला आमच्याकडे वेगळं नाव नाही, ते आत्याच्या हाताला ठाऊक होतं. फ्रेंच स्वयंपाकात त्याला स्वतंत्र क्रियापद आहे आणि त्यासाठी लांबट खास भांडीही आहेत, आतल्या जाळीसकट, म्हणजे अख्खा मासा न मोडता बाहेर काढता यावा. मार्सेच्या कोळ्यांच्या बुईयाबेस या कालवणाचं नावही 'उकळलं की जाळ कमी करा' अशा अर्थाचं सांगतात. म्हणजे लाकूड मागे ओढायची सूचना तिथे नावातच घालून ठेवली आहे.

मासा इतका नाजूक का, याचं उत्तर तो राहतो त्या पाण्यातच आहे. बकऱ्याला स्वतःचं वजन चार पायांवर तोलून डोंगर चढायचा असतो. माशाला समुद्रानेच उचलून धरलेलं असतं. त्यामुळे त्याच्या मांसाला घट्ट बांधणाऱ्या धाग्यांची फारशी गरज नसते. जे असतात तेही बकऱ्याच्या धाग्यांपेक्षा कितीतरी कमी उष्णतेला विरघळतात. 60 अंशांच्या आसपास माशाच्या पाकळ्या एकमेकींपासून सुटू लागतात, आणि उकळतं पाणी 100 अंशांचं असतं. म्हणजे मटणाला दोन तास द्यायची सवय असलेला माणूस बांगड्यावर दहा मिनिटांत अन्याय करतो. बाहेरच्या पाकळ्या आधी घट्ट होतात, मग कोरड्या, मग त्यातलं पाणी रश्शात आणि रस्सा चोथ्यात.

तिखल्यात सोलं, म्हणजे आमसुलं, का लागतात, याचंही उत्तर त्याच पाण्यात आहे. समुद्री माशाच्या अंगात खाऱ्या पाण्याशी जुळवून घेणारं एक द्रव्य असतं. मासा मेल्यावर जंतू त्याचं रूपांतर त्या ओळखीच्या वशाट वासात करतात. आंबट पडलं की तो वास बांधला जातो, हवेत उडत नाही. म्हणून किनाऱ्यावर कुठेही जा, माशाच्या पाण्यात काहीतरी आंबट असतंच: कोकम, चिंच, कैरी, बिंबल. कल्याणीच्या सोमेश्वराच्या 12व्या शतकातल्या 'मानसोल्लासा'तही मासा चिंचेच्या रसात शिजवायचा सांगितला आहे. तेव्हा मिरची नव्हती. ती पोर्तुगीजांच्या काळात आली. पण तिरफळ इथलंच. कोकणच्या रानात काटेरी झाडावर येणारं, चिनी स्वयंपाकातल्या जिभेला झिणझिण्या आणणाऱ्या मिऱ्यांचं चुलतभावंड. तिखल्यातलं तिरफळ चावायचं नसतं. चावलं तर जीभ बधिर होते आणि पुढची पाच मिनिटं जेवणातून रजा.

या बधिरपणाने मला एकदा चांगलाच धडा दिला. पुण्यात नुकता बिऱ्हाड करून राहत होतो. संध्याकाळी बाजारातून बांगडे आणले. डोळे जरा खोल गेलेले, कल्ले लालऐवजी विटकरी. पण पुण्यात यापेक्षा काय मिळणार, म्हणून घेतले. मनात होतं आत्याचं तिखलं. पहिला घोट घेतला तर जिभेवर बारीक टोचणी. मी खूश! तिरफळ अगदी बरोबर पडलंय. अर्ध्या तासात कान तापले, चेहरा तांबडालाल, अंगभर खाज. डॉक्टर म्हणाले, मासा उन्हात पडलेला असणार. बांगडा, कुपा यांसारखे मासे गारव्यात न ठेवता राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार होतं, आणि ते कितीही कढ काढले तरी जात नाही. जिभेला टोचलं ते तिरफळ नव्हतं. तळून खाल्ला असता तरी त्रास तेवढाच झाला असता, पण निदान मी त्याला आत्याचं नाव तरी दिलं नसतं.

आत्या नासलेला मासा चुलीवर ठेवायचीच नाही, कारण उरलेला ती आधीच उन्हात घालायची. मासा टिकवायचा म्हणजे सुकवायचा, आणि शिजवायचा म्हणजे आजच्यासाठी, अशी आमच्या किनाऱ्यावरची सरळ विभागणी. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर आणि मालदीवमध्ये ही विभागणी नाही, हे मला फार नंतर कळलं. तिथे गळाने पकडलेला कुपा आधी खारट पाण्यात उकडतात, मग धुरावर धरतात, मग उन्हात वाळवतात. तो लाकडासारखा टणक होतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. इब्न बतूता 14व्या शतकात मालदीवमध्ये काझी होता. माशाचे चार तुकडे करून जरासा शिजवून धुरावर टांगतात आणि तो हिंदुस्थान, चीन, येमेनला जातो, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. उरलेलं पाणीही ते टाकत नाहीत. नितळ असताना गरुधिया म्हणून भातावर घेतात, आणि तासन्‌तास आटवत नेलं की तपकिरी लगदा होतो, रिहाकुरू. म्हणजे पाण्याच्या त्याच एका भांड्यातून आजचं जेवण निघतं आणि पुढच्या पावसाळ्याची बेगमीही.

आमच्याकडे शिजवलेल्या माशाची बेगमी होती ती फक्त रात्रीची. तिखलं संध्याकाळी केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त चांगलं लागतं, यावर घरात एकमत होतं. तवली झाकून शिंक्यावर जायची. थंडीच्या दिवसांत सकाळी झाकण काढलं की रस्सा थरथरणारा, अर्धवट गोठलेला, वर खोबरेलाचे पांढरे टिपके. माशाच्या मांसातले ते विरघळलेले धागे रात्रीतून असे जमून यायचे. आत्या ती तवली पुन्हा निखाऱ्यावर ठेवायची, आणि कढ येऊ द्यायची नाही. नुसती वितळेपर्यंत.

आमच्या गॅसला ते जमत नाही. बारीक केला तरी मधोमध एक ठिणगीसारखा बुडबुडा उठतच राहतो, आणि आणखी बारीक केला की विझतो. मी जाळीवर जुना लोखंडी तवा ठेवतो, त्याच्यावर टोप. बांगडे सोडल्यावर पहिला कढ येतो, मी टोपाचे कान फडक्यात धरून फिरवतो, तवा खालून घसरतो, खडखडतो. दुसऱ्या कढाच्या जरा आधी हात सवयीने खाली जातो, नसलेलं लाकूड मागे ओढायला.